सात नंबरचा ठसा

फिटरकाकांनी शाफ्टचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा ते एकमेकांना तारेनं घट्ट बांधलेले होते. मोडलेली बाजू मोडलेल्या बाजूला लावून, नीट जुळवून, वर तारेचे दोन वेढे.

"बघा बाई, कसं फिट्ट बसतंय," काका म्हणाले. "एक कण हरवलेला नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या खोलीच्या दारावर मी स्वतः पाटी लावली आहे, लाल अक्षरात: 'तुटलेले तुकडे जुळवू नका.' पाटीला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत एकही तुकडा न जुळवता माझ्यापर्यंत पोचलेला नाही.

तुटलेल्या लोखंडाचं तोंड फार नाजूक असतं. तुटायला सुरुवात कुठून झाली, किती दिवस लागले, शेवटचा धक्का केवढा होता, हे सगळं तिथे बारीक खुणांनी उमटलेलं असतं. दोन तोंडं एकमेकांवर घासली की त्या खुणा पुसल्या जातात. पण मोडलेली वस्तू दिसली की माणसाचे हात शिवशिवतात. कपाचा कान तुटला तरी आपण आधी तो लावून बघतोच.

"काका, पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

"येते की. पण जुळवलं नाही तर कळणार कसं, हेच दोन तुकडे ते?"

मी पक्कड घेतली आणि तार कापली.

शाफ्ट फाउंड्रीतल्या दोन नंबरच्या क्रेनचा होता. क्रेनचा दोर ज्या ड्रमवर गुंडाळला जातो, तो ड्रम या शाफ्टवर फिरतो. परवा सकाळी साडेअकराला क्रेननं वाळूनं भरलेला साचा उचलला, पुरुषभर उंचीवर नेला आणि शाफ्ट तुटला. ब्रेक असतो मोटरच्या बाजूला. मधला शाफ्टच गेल्यावर ब्रेक लागून काय उपयोग? साचा खाली आला. थोरला साचेकार मागे सरला, पण त्याचा उजवा पाय मागे राहिला. काल डॉक्टरांनी त्याचं पाऊल घोट्यापासून काढलं. आणि क्रेन चालवत होता माझा सख्खा धाकटा भाऊ.

कारखान्यात त्याला घार म्हणतात. दिवसभर छपराखालच्या केबिनमध्ये बसून खाली नजर लावून असतो म्हणून. मला भिंगबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. कारखान्यात जे काही मोडतं ते माझ्या टेबलावर येतं आणि का मोडलं ते मी सांगते. मी सांगितलं की पुढे वाद होत नाही.

साडेदहाला मोठे साहेब स्वतः आले. एरवी माझ्या खोलीकडे फिरकत नाहीत.

"बाई, दोन वाजेपर्यंत तुमचा कागद हवा. साडेतीनला चौकशी बसतेय." मग जरा घुटमळले. "भावाचं प्रकरण आहे. जमेल ना? नाहीतर बाहेर पाठवतो, फक्त तीन आठवडे जातील."

"हे लोखंड माझ्या नात्यातलं नाही, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावर कोरा फॉर्म ठेवला. आमच्या फॉर्मवर कारणाच्या तीन चौकटी आहेत. माल, वापर, झीज. म्हणजे वस्तू मुळातच खराब होती, किंवा वापरणाऱ्यानं वेडीवाकडी वापरली, किंवा तिचं वय झालं. कुठल्या तरी एकीत खूण करायची आणि खाली सही. साहेबांना मधली चौकट हवी होती. ते लपवतही नव्हते.

"लॉगबुक बघितलंत? महिनाभर रोज 'सर्व ठीक' लिहिलंय. आणि साचेकार दवाखान्यातून सांगतोय की क्रेन टक् टक् करते असं ड्रायव्हर स्वतः त्याच्याशी बोलला होता. आवाज ऐकू येत होता तर लिहिला का नाही? विचारलं तर तुमचे बंधू तोंडाला कुलूप लावून बसलेत."

"आणि तरी आज एक नंबरच्या क्रेनवर त्यालाच बसवलंय?"

"दुसरा ड्रायव्हर रजेवर आहे. तीनला भट्टी ओतायची आहे."

म्हणजे माणूस निष्काळजी आहे की नाही ते साडेतीनला ठरणार आणि तोवर पाच टन वितळलेलं लोखंड त्याच्याच हातात द्यायचं. हे मी साहेबांना बोलूनही दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ते गेले.

मी दार लावून घेतलं. मग दोन्ही तुकडे मऊ ब्रशनं धुतले, वाळवले, दिव्याखाली उभे केले आणि भिंग डोळ्याला लावलं.

पहिल्या तुकड्याचं तोंड काकांच्या प्रेमानं अर्धं घासून गेलं होतं. दुसरं मात्र वाचलं होतं. आणि ते बघितल्याबरोबर माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. जवळजवळ सगळं तोंड गुळगुळीत होतं आणि त्यावर एकाबाहेर एक अशा वाकड्या रेघा होत्या, ओली भिंत वाळत जाताना डागाच्या कडा उमटतात तशा. एका फटक्यात तुटलेलं लोखंड असं दिसत नाही. हा थकवा. लोखंड थकतं म्हटलं की लोक हसतात, पण थकतं. रोज थोडा थोडा भार, उचल आणि ठेव, उचल आणि ठेव, आणि कुठेतरी केसाएवढी चीर पडते. ती रोज कणभर पुढे सरकते. काम चालू राहतं, कुणाला काही दिसत नाही, आणि एक दिवस साधा नेहमीचा भार उचलतानाच सगळं संपतं. शेवटच्या क्षणी जो भाग तुटतो तो खडबडीत असतो, मिठाचा खडा फोडल्यासारखा. इथे तो माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. इतक्याशा तुकड्यावर हा शाफ्ट त्या सकाळपर्यंत तग धरून होता. भावानं जादा भार उचलला असता, हिसका दिला असता, तर तो केव्हाच गेला असता.

म्हणजे भाऊ सुटला. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर भिंगबाई टेबलाभोवती गिरकी घेताना दिसली असती.

आता फक्त सुरुवात कुठून झाली ते बघायचं होतं. सगळ्या रेघा एकाच जागेकडे वळत होत्या. शाफ्टचा जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तिथे मान असते. सगळा ताण त्या मानेवर येतो. मानेच्या बाहेरच्या कडेला एक खाच होती. खाच गंजाची नव्हती. तिच्या कडा स्वच्छ, सरळ होत्या, काहीतरी ठोकून उठवल्यासारख्या. मी तुकडा आडवा केला. वर रंगाचे दोन थर आणि ग्रीस. ग्रीस पुसलं, ब्लेडनं रंग खरवडला.

खालून अर्धं वर्तुळ निघालं आणि त्यात इंग्रजी आकड्याची वरची आडवी रेघ. दुसऱ्या तुकड्यावर उरलेलं अर्धं वर्तुळ आणि आकड्याचा पाय. वर्तुळातला सात. चीर बरोबर त्याच्या मधून गेली होती.

आमच्या कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा पंच असतो. पोलादाची कांडी, टोकाला कोरलेला नंबर. वस्तू तपासून पसंत पडली की पंच टेकवायचा आणि वर हातोडा मारायचा. तो ठसा म्हणजे तपासनिसाचा शब्द. सात नंबरचा पंच माझ्या वरच्या खणात आहे. मी तो काढला आणि खाचेत टेकवला. अगदी फिट्ट बसला.

चौदा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी तपासणीत नवीन होते आणि एकटीच बाई होते. दोन वर्षं नुसत्या वह्या लिहिल्या, पंच कुणी हातात दिला नव्हता. मग आमच्या जुन्या मास्तरांनी दिला आणि सांगितलं, "पोरी, ठसा असा मार की तुझ्या नातवाला वाचता यावा. आणि अशा जागी मार की मशीन न उघडता दिसावा." नियमाच्या पुस्तकात लिहिलं होतं की शाफ्टचा ठसा त्याच्या टोकाच्या सपाट तोंडावर मारायचा. पण ते टोक बेअरिंगच्या डब्यात जातं, मग ठसा कुणाला दिसणार? मास्तरांच्या हाताखालची आम्ही सगळी मंडळी ठसा बाहेर, दिसेल अशा जागी मारायचो. बाकीच्यांच्या वाट्याला खांब आले, झाकणं आली, चौकटी आल्या. तिथे काही बिघडलं नाही. माझ्या वाट्याला क्रेनचे शाफ्ट आले. मी मान निवडली आणि हातोडा दोन्ही हातांनी मारला. सगळ्यांना दिसावं अशी माझी इच्छा होती, हे मी कशाला नाकारू?

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मला त्या दुपारी कळलं. दोन वाजत आले होते. मी स्टुलावर बसले आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं.

महिन्यापूर्वीचा रविवार. भाऊ आणि भावजय मुलांना घेऊन जेवायला आले होते. जेवता जेवता भाऊ म्हणाला, "ताई, दोन नंबर भार उचलताना टक् करते गं. ड्रमच्या बाजूनं. लिहू का लॉगबुकात?" मी पोळी वाढत होते. मी म्हटलं, "त्या शाफ्टवर माझा ठसा आहे. चौदा वर्षं हू की चू केलं नाही त्यानं. तू आधी कानातला मळ काढ." भावजय हसली, मुलं हसली, नवऱ्याला ठसका लागला. भाऊही हसला.

आणि मग त्यानं रोज लिहिलं, सर्व ठीक.

त्याला मीच लहानाचा मोठा केला. आई कामावर जायची आणि तो माझं बोट धरून शाळेत यायचा. मी रस्ता ओलांड म्हटलं की इकडे तिकडे न बघता ओलांडायचा. त्याबद्दल मी त्याच्या पाठीत धपाटेही घातलेत. आता साहेबांसमोर त्याच्या तोंडाला कुलूप का होतं ते मला कळलं. तो मला पाठीशी घालत होता.

पुढच्या पाऊण तासाबद्दल मला बोलायला आवडत नाही, पण ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्याला अर्थ नाही. मी फॉर्म पुढे ओढला आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली. झीज. 'धातूचा थकवा, दीर्घ वापर, चालकाचा दोष नाही.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. भाऊ सुटत होता. साचेकाराचं पाऊल काही केल्या परत येणार नव्हतं. सातचे दोन तुकडे रंगाखाली झाकून टाकता आले असते, रंगाचा डबा कपाटातच होता. मी सही केली. वर तारीख टाकली. आणि एक नंबरच्या क्रेनचं काय, असा विचार मनात आला तेव्हा त्यालाही मी उत्तर शोधलं. तिचा शाफ्ट याच शाफ्टच्या जोडीचा, त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच हातानं ठसा मारलेला. पण ती कमी चालते. पुढच्या आठवड्यात नेहमीची तपासणी म्हणून बघून घेऊ, शाफ्ट गुपचूप बदलून टाकू.

आठवडा. एवढ्या सहज मी एक आठवडा देऊन टाकला.

तेवढ्यात फाउंड्रीकडून घंटा वाजली. क्रेन हलायला लागली की तिची घंटा वाजते. दिवसातून शंभरदा वाजते आणि कुणी मान वर करत नाही. मी घड्याळ बघितलं. तीनला वीस कमी. भाऊ रिकामी लेडल, वितळलेलं लोखंड न्यायची ती भलीमोठी बादली, उचलून भट्टीकडे न्यायला निघाला होता. भट्टीखाली ती भरणार, मग पाच टन पेटतं लोखंड हुकाला लटकवून तो ते सबंध फाउंड्रीवरून, तीस माणसांच्या शेजारून नेणार, आणि ते सगळं माझ्या सातवर टांगलेलं असणार.

मी कपाटातून चिरा तपासायच्या डब्यांची पिशवी उचलली आणि धावले. त्रेचाळीस वर्षांची बाई कारखान्याच्या गल्लीतून पदर खोचून धावताना कुणी बघितली नव्हती. माणसं आ वासून बघत बाजूला झाली. मी मनात सारखं एकच म्हणत होते, भरू नका, अजून भरू नका.

फाउंड्रीच्या दारात भट्टीची धग तोंडावर आली. लेडल आधीच लालबुंद तापवलेली, हुकाला लटकत, भट्टीपासून पंधरा पावलांवर. भट्टीवाल्यानं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला होता आणि हात भट्टी उघडायच्या दांड्यावर होता. पंख्यांच्या आवाजात माझी हाक बंद केबिनपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. वर केबिनच्या काचेत भावाचं डोकं दिसत होतं, नजर खाली इशारेवाल्यावर.

क्रेनच्या खाली एक माणूस हातानं इशारे करतो आणि ड्रायव्हर फक्त त्याचेच इशारे पाळतो. साहेब आले, मालक आले, तरी त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकच अपवाद. 'थांब' हा इशारा कुणीही केला तरी पाळायचा. झाडूवाल्यानं केला तरी.

मी पिशवी खाली टाकली, मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे ताणले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग घंटा थांबली. लेडल जागच्या जागी झुलत राहिली, कमी कमी होत स्थिर झाली. वरून भाऊ माझ्याकडे बघत होता. इशारेवाला माझ्याकडे बघत होता. भट्टीवाल्यानं दांड्यावरचा हात काढला.

"बाई! डोकं ठिकाणावर आहे का?" मोठे साहेब तरातरा आले. "भट्टी तयार आहे. लोखंड आत थंड झालं तर भट्टी फोडून काढावं लागेल."

"क्रेनचा शाफ्ट तपासायचाय. अर्धा तास द्या."

"तपासणीला कारण लागतं. आणि दोन वाजेपर्यंत द्यायचा तुमचा फॉर्म कुठाय?"

"फॉर्म अजून मी दिलेला नाही." पंख्यांमुळे ओरडावंच लागत होतं आणि ते बरंच झालं. "दोन नंबरचा शाफ्ट माझ्या ठशापासून तुटलाय. मी मानेवर ठसा मारला, जिथे मारायचा नसतो तिथे. चीर तिथूनच सुरू झाली. या क्रेनवरही त्याच जागी माझाच ठसा आहे. आता लेखी हवं असेल तर लेखी देते, पण आधी ती लेडल खाली ठेवायला सांगा."

तीस माणसांनी ते ऐकलं. साहेबांचा चेहरा उतरला आणि त्यांनी इशारेवाल्याकडे बघून मान हलवली. लेडल जमिनीवर टेकली.

मी क्रेनची शिडी चढले. वर छपराच्या पत्र्याखाली अंग भाजत होतं, कठड्यावर बोटभर धूळ. भाऊ केबिनमधून पुढे आला, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि काही न विचारता ड्रमकडे चालायला लागला. मास्तरांचं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. काहीही न उघडता ठसा दिसत होता, रंगाखाली फुगलेला, गोल.

आम्ही दोघांनी मिळून रंग खरवडला. पहिल्या डब्यातल्या पाण्यासारख्या औषधानं मान स्वच्छ पुसली. मग दुसऱ्या डब्यातला लाल रंग फवारला. चीर असेल तर लाल रंग आत झिरपतो. त्याला दहा मिनिटं द्यावी लागतात. मग वरचा रंग पुसायचा आणि पांढरी पूड फवारायची. चिरेत लपलेला रंग हळूहळू पुडीवर उमटतो. चीर नसेल तर पूड पांढरीच राहते.

दहा मिनिटं आम्ही शेजारी शेजारी उकिडवे बसून राहिलो. खाली साहेब फोनवर ओरडत होते.

"साचेकाराकडे गेला होतास?" मी विचारलं.

"काल. झोपला होता. पायावर चादर होती, पण कळतं." त्यानं हात फडक्याला पुसले. ते आधीच स्वच्छ होते. "त्याची बायको म्हणाली, तुझा काही दोष नाही. मला तिच्याकडे बघवेना."

"साहेबांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस माझं नाव?"

"काय सांगायचं? जेवताना ताई असं म्हणाली?"

"हो. तेच सांगायचं."

तो लाल मानेकडे बघत म्हणाला, "ताई, तू म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला टक् ऐकूच येईना. खरंच. येत होतं, पण मी ऐकत नव्हतो. मला वाटलं, ताईला कळत नसेल तर कुणाला कळणार?"

मला रडू फुटलं असतं, पण दहा मिनिटं झाली होती. मी फडक्यानं रंग पुसला. मान पुन्हा राखाडी झाली, साधी, निरोगी दिसणारी. पांढरी पूड फवारली. मनात मी हात जोडून काहीतरी मागत होते, आणि काय मागत होते तेच मला कळत नव्हतं. चीर नसली तर तीस माणसांसमोर भट्टी फुकट अडवली असं होणार. चीर असली तर...

पूड वाळत गेली. पांढरी. एक मिनिट गेलं. पांढरीच.

मग सातच्या पायापाशी एक लाल ठिपका आला. टाचणीच्या डोक्याएवढा. तो लांबला. रेघ झाली. रेघ वर्तुळातून बाहेर पडली, मानेभोवती वळली, वाकली आणि आम्ही बघत असताना बोटाएवढी झाली, मग दोन बोटांएवढी. ड्रमच्या मागे वळून ती दिसेनाशी झाली. भावानं वाकून पलीकडून बघितलं.

"इकडेपण आलीय," तो म्हणाला. मग कठड्यावरून खाली ओरडला, "साहेब, लेडल भरू नका! खड्ड्यात ओता!"

भट्टीपुढे आणीबाणीसाठी वाळूचा खड्डा असतो. भट्टीवाल्यानं दांडा ओढला आणि सगळं लोखंड खड्ड्यात गेलं. उजेड छपरापर्यंत आला. त्या उजेडात माझ्या भावाचा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. तो पाच टन लोखंडाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. एवढंच मला आठवतं.

खाली उतरल्यावर साहेब म्हणाले, "साडेतीनची चौकशी होणारच. आता तुमचीही." मी हो म्हटलं. माझ्या टेबलावरचा सही केलेला फॉर्म मी जाऊन फाडला नाही. तोही चौकशीसमोर ठेवला, माझ्या पाऊण तासाचा पुरावा म्हणून. नवा फॉर्म घेतला, तिन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'तपासनीस क्र. ७ चा ठसा, चुकीच्या जागी.' सात नंबरचा पंच त्यावर वजन म्हणून ठेवला. तो मला परत मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही.

पण चौकशीत जाण्याआधी मी दोन नंबरच्या क्रेनचं लॉगबुक मागवलं होतं. साडेतीनला पाच कमी असताना बाहेरच्या बाकावर बसून मी शेवटच्या 'सर्व ठीक'च्या खाली आजची तारीख टाकली आणि लिहिलं: 'एका महिन्यापूर्वी चालकानं टक् आवाजाची तक्रार तोंडी केली होती. तपासनीस क्र. ७ ला ती ऐकू आली नाही.'

भाऊ शेजारी बसून वाचत होता. त्यानं ओळीवर बोट ठेवलं.

"असं नको, ताई. ऐकू आली होती तुला. खरं काय झालं ते लिही."

मी शेवटचं वाक्य खोडलं. त्याच्यावर लिहिलं, 'तपासनीस क्र. ७ नं ती हसण्यावारी नेली.' त्यानं ते पुन्हा वाचलं, मान डोलावली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. आतून आमची दोघांची नावं पुकारली.